बेदाणा कंपनीतली मुलाखत आणि माझी दाढ

मी अवधूत. सांगलीतला एकमेव खासगी गुप्तहेर. आणखी असतीलही, पण ते इतके गुप्त आहेत की मलासुद्धा सापडलेले नाहीत. माझी नजर घारीची, कान सशाचे. अक्कल कुणाची, ते माझी बायको चारुलता चारचौघांत सांगत असते.

माझी पुतणी संयोगिता कवठे महांकाळची. इथल्या एका बेदाणा कंपनीत मुलाखत देऊन ती तडक माझ्याकडं आली.

"काका, नोकरी मिळंल का? न्हाई मिळाली तर बाबा मला पुण्याला आत्याकडं धाडणार. मला न्हाई जायचं."

पोरीचे डोळे भरले होते. मी भिंग काढलं.

"चहा दिला?"

"व्हय. मी नको म्हटलं तरी शिपाई ठेवूनच गेला."

"कागदी कपात की कपबशीत?"

"कपबशीत."

"मग निवड पक्की. नापास करायच्या माणसासाठी बशी कोण विसळतो?"

दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला, आपली निवड झालेली नाही.

"बशीनं फशिवलं व्हय?" चारुलतानं विचारलं. मी दुर्लक्ष केलं. मोठ्या तपासात घरचे लोक असं बोलतातच.

आता मी मूळ सूत्रधाराकडं वळलो. संयोगिताच्या आधी आत गेलेला मिरजेचा उमेदवार म्हणे सारखा गाल दाबून बसला होता. का? तर तोंडात यंत्र होतं आणि उत्तरं बाहेरून येत होती. मी मिरजेला जाऊन त्याचा माग काढला. तो दातांच्या दवाखान्यात शिरला. यंत्र काढून घ्यायला, दुसरं काय! संशय नको म्हणून मीही गाल दाबून रांगेत बसलो. आत गेलेला संशयित रडवेला होऊन बाहेर आला, तेव्हा कळलं की त्याची दाढ खरोखरच किडली होती. तोवर माझा नंबर लागला. सोंग अर्धवट टाकणं माझ्या रक्तात नाही. संशयित निर्दोष सुटला आणि माझी दाढ गेली.

रात्री गालाचा भोपळा आणि तोंडात कापसाचा बोळा. मला काहीच विचारता येईना, म्हणून घरात शांतता होती. चारुलता वाढत होती.

"भाकरी?"

"नको काकी." चारुलतानं वाढली. संयोगितानं संपवली.

"आमटी?"

"नको, झालं." चारुलतानं वाढली. संयोगितानं ओरपली.

तिसऱ्या वेळी चारुलताचा हात तसाच थांबला. "साहेबानं शेवटाला काय इचारलं गं?"

"आमच्याकडं काम करायला आवडेल का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, नको, कशाला तुम्हाला उगाच त्रास."

"आन् त्यो?"

"बरं म्हणाला. आणखी एकदा विचारतील म्हणून मी बसून राहिले. लगेच व्हय म्हटलं तर हावरट दिसतं की."

"आन् पगार?"

"ते म्हटलं राहू द्या."

चारुलता डोक्याला हात लावून खाली बसली आणि मग दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आगं बया, बाहेरगावचा माणूस त्यो. त्यो आग्रह करत न्हाई. पयल्यांदाच व्हय म्हणायचं." हेच मी सांगणार होतो, पण कापूस आड आला.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका मसाले कंपनीत मुलाखत होती. साहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत संयोगिता म्हणाली, "आवडेल." चहा? "घेईन." रविवारी यावं लागलं तर? "येईन." नोकरी लागली. आता तिला रविवारची सुट्टी नाही, पण पुणंही टळलं. मला इतका आनंद झाला की मी दाढेचं दुःख विसरलो.

ती कंदी पेढे घेऊन आली. डबा उघडून आधी माझ्यापुढं धरला.

"काका, पेढा?"

रीतीप्रमाणं मी म्हणालो, "नको गं, कशाला."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं झाकण लावलं.