मुनीरभाईंची खाला

मुनीरभाईंकडं सुट्टी मागायची तर आधी आपला जंतू माहीत असावा लागतो. मी एकदा भोळेपणानं सांगितलं, "मुनीरभाई, उद्या येत नाय, पोट बिघडलंय." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिघडलं म्हणजे? कशानं? पाणीपुरीनं का लग्नातल्या जेवणानं? नुसतं 'बिघडलं' चालत नाय, ताई. गुन्हेगाराचं नाव पाहिजे!" नाव ठरेपर्यंत माझं पोट बरं झालं.

आमचं काम तसं बिनआवाजी. परदेशातल्या रुग्णालयांचे कागद संभाजीनगरात, जालना रोडवरच्या आमच्या ऑफिसात येतात. आम्ही ते वाचायचे आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. तिकडचा विमा तो कोड बघूनच पास होतो. रोग्याचं नाव झाकलेलं असतं, नंबर, वय आणि बाई का पुरुष तेवढं दिसतं. जंतुसंसर्गाच्या फायली आमच्या टीमकडं, आणि टीमचे हेड मुनीरभाई. खुलताबादहून रोज एसटीनं येणार, आणि स्वतःच्या शहाणपणाबद्दल तिळमात्र शंका नाय.

जंतूंशी त्यांची अगदी घरोब्याची ओळख. "इ. कोलाय? अरे, हा तर आपल्या मोहल्ल्यातलाच! पोटात असतो तोवर शरीफ, लघवीच्या वाटेला गेला की बदमाश." स्टॅफिलोकोकसला ते पैलवान म्हणतात. डॉक्टरनं मोघम 'इन्फेक्शन' लिहिलं की यांचं डोकं फिरतं. "लॅबवाले नाव सांगून मोकळे झाले, मग याला लिहायला काय धाड भरली?" अशा वेळी डॉक्टरला विचारणा पाठवायची असते. तो आमच्या धंद्यातला लई नाजूक प्रकार. कागदात जे अर्धवट आहे तेवढंच विचारायचं, इकडचं तिकडचं नक्को. हे आम्हाला शिकवलं मुनीरभाईंनीच.

एक नंबर मात्र त्यांचा लाडका. नव्वदीला टेकलेली कुणी बाई, लघवीच्या संसर्गानं सारखी भरती व्हायची. मुनीरभाई तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. "खाला परत आली बघा," असं म्हणून फाईल स्वतःकडं ओढायचे आणि चहा विसरायचे. या खेपेला जंतू रक्तात उतरला होता. कागदात त्याचं नाव नव्हतं. मुनीरभाईंनी विचारणा पाठवली, नाव विचारलं, आणि खाली लिहिलं: घरी हिला पाणी द्यायला कुणी आहे का?

झालं! दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब तणतणत आले. "मुनीरभाई, हे काय लिहिलंत? तिकडचे लोक चिडलेत. अशानं तुमची नोकरी मी कशी वाचवू?"

आम्ही सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या. कितीही छळलं तरी मुनीरभाईंवाचून ते ऑफिस मला नको होतं.

मुनीरभाई मात्र ढिम्म. "साहेब, डॉक्टरचं उत्तर आलं का?"

आलं होतं. जंतू इ. कोलाय. आणि पुढं एकच ओळ, बाई एकटी राहते.

"मग झालं की! डॉक्टरनं लिहून दिलंय. आता कोड लावतो."

"कशाचा कोड?"

"एकटं राहण्याचा. असतो, साहेब. फायलीवर तो दिसला तर तिकडं कुणाच्या तरी ध्यानात येईल, एखादं माणूस घरी जाऊन बघून येईल."

साहेबांनी कॉम्प्युटरवर शोधलं. खरंच होता. तरी विचारायची ती रीत नव्हती, म्हणून मुनीरभाईंना लेखी समज मिळालीच. नोकरी तेवढी वाचली.

दुपारी डबा खाताना मी त्यांना छेडलं. माझं तोंड गंगापूरचं, गप बसवत नाय. "काय हो मुनीरभाई, आम्ही तर हा कोड कधी लावला नाय. तुम्हाला बरा तोंडपाठ!"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "अम्मी गेली ना, ताई, तेव्हा घरात बोलायलाच कुणी उरलं नाय. संध्याकाळी कोडांचं पुस्तक घेऊन बसायचो. म्हटलं, आपल्याला काय झालंय ते कुठंतरी लिहिलेलं असेल."

मी माझ्या डब्यातली चटणी त्यांच्यापुढं सरकवली. मुनीरभाई हसले.

"सापडलं त्या दिवशी लई बरं वाटलं बघा. म्हणजे आपल्यासारखी पुष्कळ माणसं असणार. त्याशिवाय कोड कशाला काढतील?"