वाडीचा ब्रेकोबा

सन एकोणीसशे शहात्तरच्या हिवाळ्यात एका मोटार कंपनीने नागपूरच्या वर्तमानपत्रांतून जनहितार्थ जाहीर केले की, कंपनीच्या काही पिकअप गाड्यांचे ब्रेक केव्हाही निकामी होण्याचा संभव आहे. सबब मालकांनी त्या रस्त्यावर मुळीच चालवू नयेत आणि मोफत दुरुस्तीसाठी स्वतः चालवत शहरापलीकडच्या वाडीच्या कार्यशाळेत तात्काळ घेऊन याव्यात. दोन्ही सूचना एकाच वाक्यात असल्यामुळे कोणाचा गोंधळ होण्याचे कारण नव्हते.

कन्हानच्या चंद्रभानची पिकअप त्यांतलीच. एका सरकारी खात्याच्या लिलावात त्याने ती घेतली होती, आणि खात्याने आपल्या परंपरेला जागून तिच्यातला चालणारा प्रत्येक भाग आधीच काढून घेतला होता. स्टार्टर मेलेला, म्हणून गाडी उतारावरच उभी करावी लागे. ब्रेक मेलेला, म्हणून ती उतारावर उभी राहत नसे. या पेचावरचा तोडगा म्हणजे चंद्रभानची बायको रुखमाबाई. वेग जरा मंदावला की ती मांडीवरचा काळा गोटा घेऊन खाली उडी मारी आणि चाकापुढे सारी. कन्हानची वांगी रोज नागपूरच्या बाजारात पोचत ती अशी. दसऱ्याला चंद्रभानने गाडीला हार घातला, तेव्हा रुखमाबाईने गोट्याला हळदकुंकू वाहिले. खरे काम कोण करते हे तिला ठाऊक होते.

जाहिरातीची बातमी ऐकून ती हरखूनच गेली.

"अजी, ब्रेक फुकटात लावून देऊन राहिले म्हन्ते. चला ना! मले एकदा तरी गाडी थांबेपर्यंत शिटवर बसून राहायचं हाये."

मागणी अवास्तव नव्हती. बिचारीचे गुडघे कामातून गेले होते. चंद्रभानने गाडी काढली. सगळे नागपूर ओलांडताना रुखमाबाई चौकाचौकात उतरली. एका चौकातल्या वाहतूक हवालदाराने तर शिट्टी खिशात टाकून गोटा सारायला हातभार लावला.

वाडीला परतबोलावणी अधिकारी वामनराव यांनी त्यांचे यथोचित स्वागत केले.

"ब्रेक नादुरुस्त असल्याचं आधी सिद्ध करावं लागेल. त्या पांढऱ्या रेघेवर गाडी थांबवून दाखवा."

चंद्रभानने गाडी आणली, रुखमाबाईने सवयीने उडी मारली, गाडी बरोबर रेघेवर थांबली.

"थांबली," वामनराव म्हणाले. "ब्रेक उत्तम आहे."

"साहेब, ब्रेकनं नाही थांबली. माह्या बायकोनं थांबवली."

"गाडी कशाने थांबावी याबद्दल नियमावलीत काही नाही. थांबली की नाही, एवढंच आम्ही पाहतो."

"मंग बायकोले बाजूले उभं करून पाहा ना!"

ही सूचना नियमात बसत होती. रुखमाबाईला बाजूला काढण्यात आले. गोटा तिने रेघेपाशी ठेवला. नियमानुसार अधिकाऱ्याने लाल निशाण घेऊन रेघेवरच उभे राहायचे होते, म्हणून वामनराव राहिले. गाडी आली आणि थांबली नाही. पुढचे चाक गोट्यावर चढले, गाडीचे तोंड फिरले, आणि वामनरावांना हातभर अंतरावर सोडून तिने त्यांची स्कूटर चेपली व कचेरीची भिंत पाडली.

"झालं ना सिद्ध, साहेब?" चंद्रभानने ढिगाऱ्यातून आनंदाने विचारले.

"पूर्णपणे," वामनराव निशाण गुंडाळत म्हणाले. "पण आता ही अपघातग्रस्त गाडी झाली. मोफत दुरुस्ती फक्त अपघात न झालेल्या गाड्यांची होते."

"अवो, ब्रेक नाही म्हनूनच तं आपटली!"

"म्हणूनच तर आम्ही छापलं होतं, चालवू नका."

एवढ्यात वामनरावांची नजर पायांजवळच्या गोट्यावर गेली. त्यावर कुंकू होते. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. ज्याने आपल्याला वाचवले तो साधा दगड कसा असेल? त्यांनी तिथल्या तिथे नारळ मागवला. कार्यशाळेचे मिस्त्री हातातले ब्रेक खाली ठेवून दारापाशी ओटा बांधायला लागले. संध्याकाळी ओट्यावर गोटा बसला, वर पत्र्याचे छप्पर आले आणि ब्रेकोबा हे नाव पडले. पुढे पिकअपवाले येत, दर्शन घेत आणि समाधानाने परत जात. ब्रेकची तक्रार करायला मग कोणी आत येईना. देवाच्या दारात उभे राहून तक्रार करणे बरे दिसत नाही. मोहीम शंभर टक्के यशस्वी झाल्याचे वामनरावांनी वर कळवले व त्यांना बढती मिळाली.

पण त्या दिवशी रुखमाबाई काही हटत नव्हती.

"माहा गोटा द्या!"

"बाई, तो आता गोटा राहिलेला नाही."

"मंग आमी घरी जाताना थांबावं कशानं?"

वामनराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी पडक्या कचेरीत इकडेतिकडे पाहिले आणि हाताला लागली ती सर्वांत जाड वस्तू तिला दिली. ती वाहन सुरक्षा नियमावली होती, कापडी बांधणीची.

मिस्त्र्यांनी गाडी ढिगाऱ्यातून ओढून काढली आणि धक्का मारून सुरू करून दिली. पहिल्याच चौकात रुखमाबाईने उडी मारून नियमावली चाकापुढे सारली. गाडी जागच्या जागी थांबली. त्या नियमांनी एखादी गाडी थांबवल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

"गोट्यापरीस हलकी हाये," गुडघे चोळत पुन्हा वर चढताना ती म्हणाली. "पन बसून राहायचं राहूनच गेलं ना माय!"

हसलात? हसा. परवाच्या दसऱ्याला तुम्हीही स्कूटर धुतलीत, हँडलला कुंकू लावलेत. मागचा ब्रेक लागत नाही, हे तेव्हाही तुम्हाला ठाऊक होते. म्हणून तर हार जरा मोठा घेतलात.