अंबाडीची वाटी आणि न तुटणारी तार

टण्. दुपारच्या सामसुमीत भिंतीपलीकडे मायाने वाटीवर चमचा वाजवला आणि मिनलने झोपलेल्या उन्नतीच्या अंगावरचा हात अलगद काढून घेतला.

शेजारीण असली तरी मायाचं दार मागच्या गल्लीत. फिरून जायचं तर लेकीला एकटं सोडावं लागे. म्हणून दोघींचा सगळा व्यवहार भिंतीवरून: भाजी, सासूच्या तक्रारी, हसणं. दिवसभरात मिनल मोठ्या माणसाशी बोले ते तेवढंच. पण कालपासून भिंतीवर चोरांच्या भीतीने करंटच्या तारा आल्या होत्या.

"हत्ती लटकला तरी तुटत नाही," नवरा प्रेमानंद म्हणाला होता. "आन् कोणी छेडली तं भोंगा वाजते. माह्या मोबाइलवर बी फोन येते."

"अंबाडीची भाजी हाय," पलीकडून माया म्हणाली. "कशी देऊ वं? फेकू?"

"थांब. हत्तीनं नसन तुटत, मी पाहते."

मिनलने बटण बंद केलं, स्टुलावर चढली आणि पकडीने तार दाबली. तारेवर साधा ओरखडा नाही. पकडीच्या दातालाच खाच पडली. मग तिने लाटणं घालून दोन तारा फाकवल्या. वाटी अर्धी आत आली आणि भोंगा बोंबलला. करंट बंद असला तरी तो बॅटरीवर चालतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मिनलने वाटी सोडली नाही. उन्नती मात्र डोळे चोळत अंगणात आली.

लगेच बुटीबोरीच्या कारखान्यातून प्रेमानंदचा फोन. "चोर आला काय वं?"

"आला. अंबाडीची भाजी घेऊन."

"तू तारेले हात लावून राहिली?"

"उद्या बी लावीन. रोज दुपारी वाजन. तुम्ही फोन उचलत जा."

संध्याकाळी प्रेमानंद तोंड फुगवून जेवायला बसला. पण भाजी अशी झाली होती, की त्याने वाटी बोटाने पुसून खाल्ली. मग त्याला आईची शिकवण आठवली.

"शेजाऱ्याची वाटी रिकामी नाही देत," म्हणत त्याने मायाच्या वाटीत गूळ भरला.

"मागच्या गल्लीतून देऊन या."

"एवढ्यासाठी चक्कर कोण मारन? तार माही हाय."

त्याने बटण बंद केलं, स्टूल ओढलं आणि मिनलकडे लाटणं मागितलं.

भोंगा बोंबलला. त्याच्याच खिशातला मोबाइल थरथरू लागला. एका हातात वाटी, दुसऱ्यात लाटणं.

उन्नतीने मिनलची ओढणी ओढली. "आई, आता बाबाच चोर झाले, तं फोन कोण उचलन?"