पयले पानी, मंग विज्ञान

दर्यापूरच्या आमच्या शाळेत प्रार्थनेच्या घंटेआधी गच्चीवर एक माणूस दिसायचा. पँट घोट्यांवर दुमडलेली, हातात लांब काठी, आणि काठी पाण्याच्या टाकीत. शिपाई नव्हे, आमचे विज्ञान विभागप्रमुख तायडे सर. टाकी अर्ध्याखाली गेली की त्या दिवशीचे सगळे प्रयोग रद्द.

"पयले पानी, मंग विज्ञान."

आम्हा चार शिक्षकांना त्यांचा जाच भारी. कुठलाही प्रयोग आधी त्यांच्यासमोर करून दाखवायचा. मी दहा वर्षं शिकवून तिथे आले होते, तरी लिटमसचा कागद बुडवतानासुद्धा सर शेजारी उभे. "करून पाह्यलं का, मॅडम?" हा प्रश्न मला जेवतानाही ऐकू यायचा.

म्हणूनच एका मंगळवारी त्यांना न विचारता मी नववीला आम्ल पातळ करून दाखवायला घेतलं. पाण्यात आम्ल ओतायचं असतं. घाईत मी आम्लातच पाणी ओतलं. चर्रकन थेंब उडाले आणि जागेवर उभी असलेली वैष्णवी डोळा धरून किंचाळली.

शेजारच्या खोलीतून सर धावत आले. तिला उचलून त्यांनी थेट नळाखाली धरलं. ती त्यांच्या मनगटाला चावत होती.

"चाव, पन डोया उघडा ठेव पोरी!"

वीस मिनिटं नळ धो धो वाहत होता. मग अमरावतीचा दवाखाना. "लगेच धुतला म्हणून नजर वाचली," डॉक्टर म्हणाले. आठ दिवस पट्टी.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना आणि मला बोलावलं. अहवाल तयार होता: विद्यार्थिनी सूचना न पाळता पुढे वाकली. सरांची सही तेवढी बाकी. खरं सांगते, त्यांनी ती करावी असंच मला वाटत होतं.

"पोरगी वाकली नोती," सर म्हणाले.

"मग चूक कोणाची लिहू?"

"मॅडमची. अन् माही. आम्लाच्या कपाटाची चाबी माह्या खिशात पाह्यजे होती, ते कपाटालेच लटकून होती. विभागप्रमुख काय निसता टाइमटेबल लावाले असते का?"

दोघांनाही मेमो मिळाला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मन घट्ट करून माफी मागायला जीपनं वैष्णवीच्या गावी गेले, तर ओट्यावर तायडे सर! तिला विज्ञानाचा धडा वाचून दाखवत होते. रोज यायचे म्हणे.

मी तिच्या आईपुढे हात जोडले.

"मले नोका सांगू. तिले सांगा," ती म्हणाली.

मी वैष्णवीला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली आणि सरांना म्हणाली, "वाचा न पुढं."

पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. वैष्णवीनं अख्खं पान स्वतः वाचलं. तिची आई पदर तोंडाला लावून रडली.

"आता उद्यापासून तुमाले तरास नाही, सर."

"हो न," सर म्हणाले. पण उठले नाहीत. बाहेर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तेव्हा उठले.

परत येताना जीपमध्ये मी सरांकडे पाहत होते. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा दूरदेशी. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्यांना मी कधी काही विचारलं नव्हतं.

"मॅडम, उद्या संध्याकाळी तुमाले काई काम हाय का?"

मला अमरावतीला माहेरी जायचं होतं.

"नाही, सर. घरी चहाला या."

"किती वाजता येऊ?" त्यांनी लगेच विचारलं.