बायकोच्या घरी जायचा व्हिसा

वर्तककाका कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, अंडी आणायला निघाले, तरी त्यांच्या गळ्यात लग्नाचं सर्टिफिकेट असायचं. पाण्यात पोहणारे लोक मोबाइल ठेवतात तसल्या पारदर्शक पिशवीत. मूळ प्रत, तिचं जपानी भाषांतर आणि मागे इंग्रजी. हिवाळ्यात ती पिशवी कोटाच्या आत असे, उन्हाळ्यात शर्टाच्या वर लोंबायची. एकदा लॅबची सगळी मंडळी गरम पाण्याच्या कुंडावर गेली होती. तिथे माणूस अंगावर काही न घालता पाण्यात उतरतो, फार तर डोक्यावर छोटा टॉवेल. काका पिशवीसकट उतरले. प्रोफेसरांनी अदबीने विचारलं, "वारुताकु-सान, हे काय?"

"माझं लग्न आहे," काका शुद्ध जपानीत म्हणाले.

हा किस्सा मला त्यांच्या लॅबमधल्या एका पोरीने सांगितला, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसून.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर दुसऱ्या वसंतात मी पुण्याहून जपानात सेंदाईला पोस्टडॉक संशोधक म्हणून आले. वर्तककाका तिथे वीस वर्षं होते. मूळचे अलिबागकडचे. धातूंना तडे का जातात यावर त्यांचं संशोधन. पण विद्यापीठातल्या भारतीयांना त्यांची ओळख वेगळीच होती. कुणाला कुठल्याही देशाचा फॉर्म भरायचा असला, की काकांकडे जायचं. मला जर्मनीतल्या परिषदेला जायचं होतं आणि फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मी कँटीनमध्ये रडकुंडीला आले होते. समोरच्या खुर्चीवर एक टक्कल येऊन बसलं.

"आधी नियम वाच, मग रड," ते म्हणाले. ही आमची पहिली भेट.

माझा फॉर्म दहा मिनिटांत झाला. मग त्यांचा आवडता विषय सुरू झाला. त्यांनी सोया सॉसची बाटली पुढे ओढली. "ही नोरा. माझी बायको. आयरिश, म्हणजे युरोपियन." मग मिठाची डबी. "हा मी. अलिबागचा. आता नोरा मला घेऊन पोर्तुगालला निघाली. पोर्तुगालने मला व्हिसा द्यायचा. फुकट आणि झटपट. का? मी युरोपियन बाईचा नवरा. स्पेन? तेच. ग्रीस? तेच. पण नोरा मला घेऊन तिच्या स्वतःच्या घरी, आयर्लंडला निघाली, की हा नियम खलास. तिथे साधा अर्ज, पगाराचा दाखला आणि रांग."

"म्हणजे जावयाला सासुरवाडी सोडून बाकी युरोप मोकळा?"

काका थांबले. "परत बोल." मी परत बोलले. ते वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे वर्षभर स्वतःचं म्हणून सगळ्यांना ऐकवलं. मलासुद्धा दोनदा.

नोरामावशी तेव्हा सेंदाईतच होती. उंच, लाल केसांची, इंग्रजी शिकवायची. नवऱ्याला ती आडनावानेच हाक मारी. काकांनी नियम सुरू केला, की ती स्वच्छ मराठीत म्हणायची, "वर्तक, गप्प बस." आणि काका गप्प बसत. त्यांना गप्प बसवणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

पिशवीची गोष्ट तिनेच मला सांगितली. भूकंपानंतरच्या आठवड्यात, अणुभट्टीच्या बातम्या येत असताना, युरोपातल्या कुठल्याशा देशाने आपल्या लोकांना न्यायला बस पाठवली. इतर युरोपियनांनाही घेत होते. ही दोघं पोचली. दारातल्या माणसाने यादी बघत काकांना विचारलं, आपण कोण? नवरा. काही कागद? कागद घरातल्या कपाटात, आणि कपाट तोंडावर पालथं पडलेलं. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, तुम्ही थांबा, मी फोन करून विचारतो. फोन लागत नव्हते. काका बायकोला म्हणाले, तू जा, मी मागून येतो. नोरामावशी चढली होती, ती बॅग घेऊन खाली उतरली. बस गेली. पुढचे बारा दिवस दोघांनी शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये एका घोंगडीखाली काढले.

"त्या दिवसापासून तो हे गळ्यात बांधून फिरतो," ती इंग्रजीत म्हणाली. "मला वाटतं, मी खाली उतरले याबद्दल त्याने मला अजून माफ केलेलं नाही."

मी आले त्याच वर्षी पानगळीत तिची नव्वदीची आई घरात पडली. नोरामावशी एकुलती एक. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. आई बरी झाली, पण एकटी राहण्याइतकी नाही. सहा महिन्यांची चार वर्षं झाली.

या चार वर्षांत नवरा-बायको वर्षातून एकदा भेटत, आणि दरवेळी तिसऱ्याच देशात. लिस्बन, मग क्रोएशिया की स्लोव्हेनिया, मग अथेन्स. शेजारीण आईला बघायची, नोरामावशी दोन आठवडे निघायची आणि काका इथून त्यांचा तो फुकट, झटपट व्हिसा घेऊन जायचे. परतल्यावर आम्ही फोटो मागितले, की मोठ्या अभिमानाने पासपोर्टवरचा शिक्का दाखवायचे. समुद्र नाही, देऊळ नाही, शिक्का.

मी एकदा म्हटलं, "काका, सरळ आयर्लंडचा साधा व्हिसा काढा ना. घरीच जाऊन राहा."

"साधा?" ते तडकले. "तिथे लिहून द्यावं लागतं, मी परत जाईन म्हणून. पुरावे द्यावे लागतात. मी माझ्या बायकोकडून परत निघून जाईन, याचे पुरावे मी गोळा करू? पोर्तुगाल मला नवरा म्हणून घेतो. आयर्लंडला मी कोण? पाहुणा."

मी हसले. तेव्हा ते मला हट्टाचं एक नवं टोक वाटलं.

चौथ्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी, सकाळी अकराच्या सुमारास काका माझ्या लॅबच्या दारात उभे राहिले. कोटाची बटणं एक सोडून एक लावलेली. "नोराला पक्षाघाताचा झटका आला," ते म्हणाले. "शेजारणीचा फोन होता. तू जरा माझा फॉर्म भरतेस?"

साऱ्या सेंदाईचे फॉर्म भरणारा माणूस. स्वतःच्या जन्मगावाच्या चौकटीत त्यांनी पासपोर्ट नंबर लिहिला होता. मी नवीन प्रिंट काढली आणि एकेक ओळ विचारत गेले. "प्रवासाचं कारण?" ते कोटाची बटणं सोडून पुन्हा लावू लागले. मी लिहिलं: पत्नीकडे जाणे.

दुसऱ्या दिवशी शिंकानसेन या बुलेट ट्रेनने आम्ही तोक्योला गेलो. तिथल्या आयरिश दूतावासातल्या बाईंनी सगळं नीट लावून घेतलं आणि म्हणाल्या, पत्नीचं निमंत्रणपत्र नाहीये. काका म्हणाले, तिला लिहिता येत नाहीये. बाईंनी पेन खाली ठेवलं. घरातलं दुसरं कुणी लिहील का?

मग तिकडच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हातारीने लिहिलं. थरथरत्या अक्षरात एकच ओळ, शेजारणीने फोटो काढून पाठवलेली: हा माझा जावई आहे आणि मला तो इथे हवा आहे. काकांनी सासूला कधी पाहिलंही नव्हतं.

तोक्योहून कळलं, पत्र पुरे आहे, लवकर करायचा प्रयत्न करू. तरी तपासण्या होत्या, सुट्ट्या आल्या. काका रोज लॅबमध्ये यायचे, खुर्चीत बसायचे आणि फोनकडे बघायचे. त्या दिवसांत त्यांनी एकही नियम सांगितला नाही.

अठराव्या दिवशी पहाटे नोरामावशी गेली. त्याच दिवशी दुपारी व्हिसा मंजूर झाल्याचा निरोप आला.

मी धावत गेले तेव्हा काका तोक्योला फोन लावत होते. मला वाटलं, पासपोर्ट कधी मिळेल ते विचारत असतील. ते सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होते. "अर्जात मी पत्नीकडे जाणे असं कारण दिलं होतं. आता ते कारण राहिलेलं नाही. तर हा व्हिसा चालेल का, की मी नवीन अर्ज करू?"

पलीकडून त्याच बाईंचा आवाज मला ऐकू आला. "वर्तक-सान, तुम्ही जा. हाच घेऊन जा."

ते गेले. तिकडे दोन-तीन दिवसांत दफन उरकतात. म्हातारीने सहा दिवस थांबवलं. पाद्री दोनदा घरी येऊन गेले, दोनदा तिने सांगितलं, जावई वाटेत आहे.

तीन आठवड्यांनी काका परत आले. मी वरण-भात घेऊन गेले. ते शांतपणे जेवले, ताट धुतलं आणि आपणहून बोलू लागले.

"दफनानंतर सगळे गेले, तेव्हा म्हातारीने मला एक चिठोरी दिली. झटक्यानंतर नोराचं इंग्रजी गेलं होतं. काहीतरी वेगळंच बोलायची, दिवसभर तेच तेच. म्हातारीला कळेना. मग तिने कानाला ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहून ठेवलं, मी आलो की वाचेन म्हणून."

"मराठी होतं?"

त्यांनी मान हलवली. "आमचं आपलं घरातलं. 'वर्तक, दूध बघ. उतू जाईल. वर्तक, दूध बघ.' पानभर तेवढंच."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी सायकल लावत होतं.

"म्हातारी माझा हात धरून बसली होती," ते म्हणाले. "तिने विचारलं, काय म्हणत होती माझी मुलगी? प्रार्थना होती का?"

"मग?"

"मी म्हटलं, हो. प्रार्थनाच. आमच्याकडची."