खुर्चीवरचं 'अप'

घर हलवायच्या दिवशी सूनबाईंनी एकूणएक खोक्यावर जाड मार्करने इंग्रजीत 'अप' लिहिलं आणि शेजारी बाण काढला. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. काचेचं सामान उलटं होऊ नये, एवढाच हेतू. खोकी संपली तरी हात थांबेना, म्हणून लोखंडी कपाटावर, शिलाई मशीनवर आणि सासूबाईंच्या लाकडी खुर्चीवरही त्यांनी तसेच कागद चिकटवले.

नवं घर तळमजल्यावर घेतलं होतं, तेही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. अकरा वर्षांत त्या जिन्याची एक पायरी चढल्या नव्हत्या. चिरंजीव आणि सूनबाई जुन्या घराची झाडलोट करायला मागे राहिले. सासूबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून पुढे गेल्या.

हमालांचा मुकादम अक्षराला अक्षर लावून इंग्रजी वाचायचा. त्याने पहिलं खोकं वाचलं, दुसरं वाचलं, मग मान मागे टाकून इमारतीकडे पाहिलं. चार मजले, लिफ्ट नाही.

"सगळ्यावर अप आहे. चला वर," तो म्हणाला.

चारही मजल्यांवर दुसऱ्यांच्या पाट्या होत्या. गच्चीचं दार तेवढं उघडं होतं. मुकादमाने चिरंजीवांना फोन लावला.

"साहेब, सामान कसं ठेवू?"

"लिहिलंय तसंच ठेवा," चिरंजीव धुळीत शिंकत म्हणाले.

"कपाटपण?"

"कपाट तर नक्कीच."

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. मग त्याला दोर बांधून बाहेरून चढवायला घेतलं. वरून तिघे ओढत होते आणि मुकादम खालून नुसत्या बोटांनी त्याला दिशा देत होता. बाल्कन्या माणसांनी भरल्या. तिसऱ्या मजल्यावरचा एकजण अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून, समोरून चाललेलं कपाट डोळे फाडून बघत राहिला. कपाट गच्चीच्या कठड्यापलीकडे गेलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

राहिली खुर्ची. तिच्यात सासूबाई बसलेल्या.

"आजी, तुमच्यावरपण अप आहे," मुकादम अदबीने म्हणाला.

सासूबाईंनी वाकून कागद पाहिला. "सुनेचं अक्षर आहे. लिहिलंय तर असेल तसंच."

चौघांनी खुर्ची अशी उचलली, की सासूबाईंच्या मांडीवरची पिशवीसुद्धा घसरली नाही.

तासाभराने दोघं आली. तळमजल्याला कुलूप, सामानाचा पत्ता नाही. शेजारच्या बाईंनी नुसतं वर बोट दाखवलं. धापा टाकत गच्चीवर पोचली, तर तिथे संसार मांडलेला. पलंग, कपाट, शिलाई मशीन, सगळं ओळीत.

"अहो, अप म्हणजे ही बाजू वर ठेवा," चिरंजीव कपाळाला हात लावून म्हणाले.

"ती बाजू वरच आहे की साहेब. बघा ना."

सूनबाईंनी फिरून पाहिलं. एकूणएक बाण आभाळाकडे होता. या एका शब्दाचे बावीस उपयोग त्या वर्गात शिकवायच्या, पण मुकादमाला चूक म्हणता येईल असा एकही त्यांना आठवेना.

कठड्याशी खुर्ची होती. चिरंजीव तिकडे वळले. "आई, घराची किल्ली तुझ्या पिशवीत आहे. घर खाली आहे, हे सांगायचं नाहीस?"

"सांगणार होते," सासूबाई म्हणाल्या. "पण तुम्ही दोघं मला कधी चार मजले उचलून आणणार होतात?"

त्यांनी समोर हात केला. नदी दूरवर वळत गेली होती. पुलावरून रेल्वे चालली होती, पण इतक्या लांबून तिचा आवाज येत नव्हता. छपरांमागे छपरं, आणि त्यांच्याही मागे निळे डोंगर.

"एवढं मोठं आहे हे सगळं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी संपतं."

मुकादमाने डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

बऱ्याच वेळाने सूनबाईंनी मार्कर काढला आणि एकेका खोक्यावर 'डाउन' लिहायला सुरुवात केली. शेवटी त्या खुर्चीपाशी आल्या.

सासूबाईंनी नदीवरची नजर न काढता सुनेच्या हातातल्या मार्करचं टोपण लावून टाकलं.