बिनशेपटीचा आठ

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. त्याचं नाव अंताजी. आता साळिंदर म्हटलं की त्यानं कंद उकरावेत, अंगावरचे काटे सांभाळावेत आणि गप्प पडावं. पण मुलांनो, अंताजीला जुनी नाणी जमवायचा नाद होता. असा नाद कोणाकोणाला असतो. गोष्ट सांगणाऱ्यालाही आहे, म्हणून त्याला फार हसू नका.

त्या जंगलात फार पूर्वी एका सिंहानं तांब्याची नाणी पाडली होती. नाण्याचा ठसा सुतारपक्षी चोचीनं कोरायचा. राज्याचं सत्ताविसावं वर्ष संपलं आणि अठ्ठाविसावं लागलं. नवा ठसा करायचा तर खर्च आला, आणि राजा पडला चिक्कू. त्यानं सांगितलं, जुन्या ठशावर सात आहे ना, त्याच्यावरच आठ कोर आणि मोकळा हो. सुतारानं तसं केलं. पण खालचा सात पुरता मिटला नाही. आठाच्या शेपटीपाशी त्याचं गोल पोट थोडं डोकावत राहिलं. पुढे राजा गेला, राज्यही गेलं, आणि त्या कंजूषपणाला मोल आलं. अख्ख्या जंगलात साताच्या पोटाची अशी दोनच नाणी माहीत होती.

तिसरं अंताजीला सापडलं. ओढ्याकाठी कंद उकरताना ते नखाला लागलं. झिजून पार गुळगुळीत झालं होतं. त्यानं ते सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं, वर दवाचा थेंब ठेवला आणि एक डोळा मिटून बघितलं. आठ तर होता. आठाच्या शेपटीपाशी आणखी काहीतरी होतं. मंगळवारी ते साताचं पोट वाटलं. बुधवारी साधा ओरखडा वाटला. गुरुवारी ढग आले. शुक्रवारी पुन्हा सात दिसला, म्हणून शनिवारी अंताजीनं बघितलंच नाही.

याआधी तो दोनदा तोंडघशी पडला होता. एकदा बैलाच्या घंटेचा चपटा तुकडा त्यानं पट्टराणीचं नाणं म्हणून मिरवला. दुसऱ्यांदा ज्याला तो राजमुद्रा म्हणत होता ते कोणाच्या तरी सदऱ्याचं पितळी बटण निघालं. तेव्हा माकडांनी त्याला वर सदरा शिवून देऊ केला होता.

घरीही त्याची फारशी पत नव्हती. बिळातली अर्धी जागा नाण्यांनी खाल्ली होती. त्याची बायको भिवराबाई हिचे कंद बाहेर ठेवावे लागत आणि रानडुक्कर ते येताजाता फस्त करी. तिनं त्या शुक्रवारी पुन्हा जागेचा विषय काढला. अंताजी जोशात होता. तो म्हणाला, सरडेशास्त्री येऊन निवाडा देतील, आणि त्यांनी या वेळी नाही म्हटलं तर सगळी नाणी डोहात टाकीन, पुन्हा नाव काढणार नाही. बावीस पावसाळ्यांची जमवाजमव होती ती. बोलून गेला खरा.

सरडेशास्त्री म्हणजे जंगलातले नाण्यांचे थोर जाणकार. त्यांचा एक डोळा नाण्यावर असे आणि दुसरा समोरच्याच्या तोंडावर. त्यांना यायला तीन आठवडे होते. तेवढा काळ नाणं फडक्यात गुंडाळून ठेवायचं, एवढंच अंताजीचं काम. जुनं नाणं कधी घासू नये, यावर त्यानं स्वतः एकदा वडाखाली भाषण केलं होतं. ते लांबलं होतं.

पण एवढी मोठी गोष्ट सापडल्यावर कोणाच्यानं गप्प बसवतं? त्यानं नाणं सशाला दाखवलं. "हे बघा, इथं," म्हणून त्यावर नख टेकवलं. सशाला काही दिसेना. अंताजीनं ती जागा जरा पुसली आणि म्हणाला, आता बघा. मग रानडुक्कर आलं. त्यालाही दिसेना, म्हणून थोडी थुंकी लावली. मग माकडांची टोळी आली. त्यांना सात दिसेपर्यंत हलू द्यायचं नाही असं अंताजीनं ठरवलं, आणि बोटाला चुलीतली राख लावली. हे घासणं नव्हे, नुसतं दाखवणं आहे, असं तो स्वतःला सांगत होता. तीन आठवड्यांत त्यानं ते असं पुसतपुसत सगळ्या जंगलाला दाखवलं. शेवटी शेवटी तर सगळे पटकन "दिसला" म्हणायला लागले, कारण घरी जायचं असे.

शास्त्रीबुवा यायच्या दिवशी सकाळी अंताजीनं नाणं पुन्हा उन्हात धरलं. साताचं पोट नव्हतं. ओरखडाही नव्हता. आठाची शेपटीसुद्धा गेली होती. अंताजी मटकन खाली बसला. आपलेच काटे आपल्याला टोचले तरी तो उठला नाही.

दुपारी सगळं जंगल वडाखाली जमलं. भिवराबाईनं जांभळं ठेवली होती. सरडेशास्त्रींनी नाणं घेतलं, एक डोळा त्यावर ठेवला आणि दुसरा जांभळांवर. अंताजीच्या डोळ्यांपुढे डोह दिसू लागला.

सात नाही, असं शास्त्रीबुवा म्हणाले. मग ते एकाएकी हिरव्याचे पिवळे झाले. असा आठ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. याला शेपटीच नाही. सुतारानं कोरताना ती सोडलेली दिसते. साताची दोन नाणी आहेत, पण बिनशेपटीचा आठ हा एकच. दुर्मीळ नाण्यांच्या यादीत त्याला स्वतःचंच नाव द्यावं लागेल, असं ते संकोचून म्हणाले.

माकडांनी टाळ्या वाजवल्या. अंताजीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. तो उभा राहिला.

"शास्त्रीबुवा, ती शेपटी माझ्या नखानं गेलीय. मी राखेनं घासलं."

शास्त्रीबुवा तांबडे झाले. "अंताजी, तीस वर्षं नाणी बघतोय मी. नख कुठलं आणि टांकसाळ कुठली, ते तुम्ही मला शिकवणार? बटणवाले ना तुम्ही?"

सगळे हसले. अंताजी आयुष्यात पहिल्यांदा नाण्याबद्दल अगदी बरोबर बोलला होता. त्याच्या गळ्यात रानफुलांचा हार पडला. नाणं जंगलातल्या नाणेमंडळाच्या ढोलीत गेलं आणि बाहेर पाटी लागली, "कोणीही हात लावू नये."

संध्याकाळी भिवराबाई उरलेली जांभळं वेचत होती. वर न बघता ती म्हणाली, "सात होता."

"काय म्हणालीस?"

"सात होता तिथं. पोट चांगलं गोल होतं. मला पहिल्याच दिवशी दिसला."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला दाखवलंत कधी? सशाला दाखवलंत, माझे कंद खाणाऱ्या डुकराला दाखवलंत. मी आपलं मागे उभं राहून बघितलं. तुम्ही एक डोळा मिटला होता, मी दोन्ही उघडे ठेवले होते."

अंताजी हार काढून ठेवायला गेला, पण तो काट्यांत अडकला होता. शेवटी भिवराबाईनंच सोडवला.

तात्पर्य : दुर्मीळ वस्तू हाती लागली, तर ती आधी गावभर बोट लावून दाखवावी. वस्तू उरत नाही, पण सत्कार होतो. घरच्या माणसाला मात्र चुकूनही विचारू नये. ते लगेच "हो, आहे" म्हणेल, आणि मग गावात काय घेऊन हिंडणार?

ही गोष्टही मी आजवर पुष्कळांना घासूनपुसून सांगितली आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिच्यात सात होता, असं आमच्या घरी म्हणतात.